जपू, दुरुस्त करू की नवं बसवू? व्हॉल्व्हचा रेडिओ आणि फियाट-पद्मिनी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपला की घरोघरी माळे साफ होतात आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यात आमच्याकडे धुळीनं माखलेल्या रेडिओंचे फोटो येऊ लागतात. गाड्यांचे प्रश्न बारा महिने येतात. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. आधी रेडिओ, मग गाडी. एक घोळ सुरुवातीलाच मिटवू: रेडिओतला व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा दिवा, इंजिनातला व्हॉल्व्ह वेगळा. कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग (आजचा कॅपॅसिटर), हाही दोन्हीकडे असतो आणि दोन्हीकडे तोच पहिला दगा देतो.

१. रिस्टोअर करणं आणि मॉडर्न करणं यात नेमका फरक काय?

वस्तू कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी पुन्हा करणं म्हणजे रिस्टोअर करणं. आजच्या वापराला सोयीची करणं म्हणजे मॉडर्न करणं. तिसराही मार्ग आहे, त्याला बिचाऱ्याला कोणी विचारत नाही. ओरखडे, उडालेला रंग, पिवळी पडलेली डायल तशीच ठेवायची आणि फक्त झीज थांबवायची.

बहुतेकांना यातलं थोडंथोडं सगळंच हवं असतं, आणि त्यात काही चूक नाही. आम्ही एकच कसोटी लावतो. आज बसवलेलं उद्या काढून जुनं परत जागेवर बसवता येईल का? येत असेल तर खुशाल करा. त्यासाठी भोक पाडायचं, पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचं असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा विचार करा. जिवाशी गाठ असेल तिथे मात्र ही कसोटी बाजूला ठेवावी लागते. ते प्रश्न ५ आणि १२ मध्ये आहे.

२. आजोबांचा मर्फी रेडिओ माळ्यावर सापडला. प्लग लावून बघू का, चालतोय का ते?

नको. सगळ्यात जास्त रेडिओ या 'बघू का'मुळेच मरतात.

वीस-तीस वर्षं बंद पडलेल्या सेटमध्ये दोन गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात. एक, फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. आतलं रसायन सुकलेलं असतं, एकदम विजेचा पूर्ण दाब आला की ते शॉर्ट होतात आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) किंवा मेन ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊन जातात. दोन, मेणकागदाचे कंडेन्सर. त्यांत दमट हवा शिरून ते गळायला लागतात. यातला सर्वांत घातक म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला (आतल्या करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला. तो गळला की ईएल ८४ किंवा ईसीएल ८२ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तिथे पॉझिटिव्ह दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. गंमत म्हणजे तोपर्यंत रेडिओ छान गात असतो. घरचे खूश होतात, आणि तासाभरात जळका वास येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मागचा पुठ्ठा काढून ब्रशनं धूळ झाडा. उंदरानं वायर कुरतडली आहे का ते पाहा. कापडी वेष्टणाची जुनी मेन वायर बदला. मागे व्होल्टेजचा टॅप असेल तर तो २२० वर नाही, २४० वर ठेवा. मग वरचे दोन्ही प्रकारचे कंडेन्सर बदला आणि त्यानंतरच सिरीज बल्ब, म्हणजे मेन वायरच्या वाटेत रेडिओशी एकामागोमाग जोडलेला बल्ब, लावून करंट द्या. बल्ब ६० वॅटचा, जुन्या तारेचा हवा. एलईडीचा इथे उपयोग नाही. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

३. सगळे कंडेन्सर बदलले तर रेडिओ ओरिजिनल कसा राहील?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि आम्हाला आवडतो. कंडेन्सर हा झिजणारा भाग आहे. चपलेचा अंगठा बदलला म्हणून चप्पल दुसरी होत नाही. व्हॉल्व्ह, कॉइल, आयएफ ट्रान्सफॉर्मर (स्टेशन वेगळं काढणाऱ्या कॉइलच्या डब्या), गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), स्पीकर, डायल आणि कॅबिनेट हा रेडिओचा खरा देह. तो राखा.

तरीही डोळ्यांना खटकू नये असं वाटत असेल तर जुन्या कागदी कंडेन्सरच्या नळीतलं मेण गरम करून आतला माल काढा आणि नवा छोटा कंडेन्सर त्यात घालून टोकं पुन्हा मेणानं बंद करा. जुन्या फिल्टर कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा मोठा डबा चॅसीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, दिसायला तसाच ठेवा, जोडण्या मात्र सोडवा आणि नवे कंडेन्सर खाली लपवा. मोह एकच टाळा, 'मोठा घातला की हम (घुमणारा आवाज) कमी होईल' हा. ईझेड ८० सारख्या रेक्टिफायरला पहिला फिल्टर कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. मोठा लावला की दर वेळी सुरू करताना व्हॉल्व्हवर मार बसतो. व्होल्टेजही कमी घेऊ नका. ३५० व्होल्टच्या जागी ४०० किंवा ४५० चालेल, २५० नाही.

कार्बनचे जुने रेझिस्टन्स मोजूनच बदला. काळानुसार त्यांचे ओहम वाढत जातात. वाढ वीस टक्क्यांच्या आत असेल तर हात लावू नका.

४. व्हॉल्व्ह मिळतच नाहीत. आत ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवलं तर?

मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे भडकमकर मार्ग, आणि चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली आणि जुना बाजार इथे चिकाटीनं फिरावं लागतं एवढंच. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं स्वतः व्हॉल्व्ह बनवले होते, त्यामुळे देशात साठा पसरलेला आहे. शिवाय व्हॉल्व्ह वाटतो त्यापेक्षा टिकाऊ असतो. दहा 'व्हॉल्व्ह गेला' तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी गेलेला असतो कंडेन्सर नाहीतर काळवंडलेला सॉकेट. आधी पिना स्पिरिटनं पुसा.

कॅबिनेट रिकामं करून त्यात एफएमचा बोर्ड घालणं ही दुरुस्ती नाही, ती पेटी आहे. अपवाद एकच. चॅसी आधीच कोणीतरी भंगारात दिली असेल आणि हाती फक्त कॅबिनेट उरलं असेल, तर खुशाल घाला.

५. आमच्या रेडिओच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंग देऊ का?

थांबा. आधी आतल्या व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. नावं 'यू'नं सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूवाय ८५ अशी, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंट एकामागोमाग जोडलेली असतात आणि चॅसी थेट लाइनच्या एका टोकाला असते. प्लग उलटा लागला की पूर्ण चॅसीवर २३० व्होल्ट. बटणांचे स्क्रू मेणानं बुजवलेले असायचे ते याचसाठी.

अशा चॅसीला अर्थ जोडलात आणि फेज चॅसीकडे असली तर फेज थेट अर्थला मिळेल. फ्यूज उडाला तर नशीब. अर्थ देऊच नका. न्यूट्रल चॅसीकडे आणि फेज स्विचकडे जाईल असा, उलटा लागूच शकणार नाही असा प्लग लावा. घरातलं सॉकेटही टेस्टरनं तपासा, कारण आपल्याकडे सॉकेटमध्ये उलटी वायर सर्रास सापडते. नॉब आणि मागचा पुठ्ठा शाबूत हवा. नेहमी वाजवायचा असेल तर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. इथे ओरिजिनलपणाचा हट्ट नको.

व्हॉल्व्हची नावं 'ई'नं सुरू होत असतील तर सेटमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर असतो. तिथे तीन पिनांची वायर लावून चॅसीला अर्थ द्यावा, तो योग्यच आहे.

६. रेडिओत ब्लूटूथ बसवता येईल का? आईला तिची जुनी गाणी त्याच आवाजात ऐकायची आहेत.

येईल, आणि एकही भोक न पाडता. बऱ्याच सेटच्या मागे 'पिकअप'ची दोन सॉकेट असतात, ग्रामोफोन जोडायला दिलेली. ब्लूटूथ मोड्यूलचा आवाज तिथे द्या. मोड्यूलचे डावा-उजवा असे दोन आउटपुट सरळ एकत्र पिळू नका, दोघांना एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स लावून मग जोडा. रेडिओचाच ॲम्प्लिफायर, रेडिओचाच स्पीकर, त्यामुळे आवाजही त्याच रेडिओचा येतो.

खरा प्रश्न मोड्यूलला पाच व्होल्ट कुठून द्यायचे हा. मोबाइल चार्जरचा बोर्ड आत ठेवला की मध्यम लहरींवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. हीटरच्या ६.३ व्होल्टवरून घ्यावं तर तिथेही सापळा आहे. त्या वायंडिंगचं एक टोक बहुतेक वेळा चॅसीला जोडलेलं असतं. त्यावर ब्रिज लावला आणि मोड्यूलचा ग्राउंडही चॅसीला दिला की ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो. मी स्वतः असे दोन डायोड जाळले आहेत. एकच डायोड, मोठा कंडेन्सर आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर अशी साधी सोय करा, नाहीतर सरळ पॉवर बँक वापरा.

प्रश्न ५ मधल्या एसी-डीसी सेटला मात्र बाहेरची कुठलीही वायर जोडू नका, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय तर मुळीच नाही.

७. सगळं दुरुस्त केलं, तरी नुसती खरखर का?

दोष रेडिओचा नाही, घराचा आहे. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, वायफायचे चार्जर सगळे मिळून मध्यम लहरी बुजवतात. रात्री घरचा मेन स्विच बंद करून बॅटरीवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकून बघा, म्हणजे कळेल. खिडकीबाहेर आठ-दहा मीटर वायर ताणली तर बराच फरक पडतो. कोलंबोसाठी, म्हणजे रेडिओ सिलोनसाठी, आजोबा गच्चीवर तार बांधायचे, ते उगाच नाही.

८. लाकडी कॅबिनेटला नवं पॉलिश मारू का?

आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं. जुनं पॉलिश चपड्या लाखेचं असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पोटलीनं ते पुन्हा एकजीव होतं. सँडपेपर मारून मेलामाइन किंवा पीयूसारखं आधुनिक पॉलिश चढवलं की परतीचा रस्ता बंद. डायलच्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूनं छापलेली असतात. तिथे काच पुसायचं कॉलिन मारलं की मुंबई, दिल्ली, लाहोर सगळी शहरं फडक्यावर येतात.

९. पद्मिनीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालावं का?

पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क. आमचं मत, घालावं. झाकण लावलं की बाहेरून काहीच दिसत नाही, आणि अर्ध्या तासात जुने पॉइंट परत बसतात. म्हणजे प्रश्न १ ची कसोटी पास. आजकाल बाजारात मिळणारे पॉइंटचे नवे कंडेन्सर फार भरवशाचे नसतात, आणि कंडेन्सर गेला की पॉइंट जळून गाडी ऐन घाटात बंद पडते. जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. इलेक्ट्रॉनिक मोड्यूल गेलं तर ते रस्त्यावर दुरुस्त होत नाही, पॉइंट नखाच्या कानसीनं घासूनही घरी पोचता येतं.

पण आधी डेल्कोचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा, शाफ्ट हातानं हलवून बघा. बुश झिजलेला असेल तर शाफ्ट डुलतो आणि गॅप कधीच एक राहत नाही. आतली वजनं गंजून अडकली असतील तर ॲडव्हान्स होत नाही, म्हणजे वेग वाढला तरी ठिणगी लवकर पडत नाही. दोन्ही दोष किट बसवून जात नाहीत, फक्त झाकले जातात. कॉइलचा रेझिस्टन्स किटला जुळतो का तेही विचारा. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची सवय मोडा.

१०. डायनमो ठेवू की अल्टरनेटर बसवू? हेडलाइट अगदी काजव्यासारखे आहेत.

हे दोन प्रश्न आहेत. आधी हेडलाइट. दिवे मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा डायनमो नसतो, जुनी वायर आणि गंजलेलं अर्थिंग असतं. बॅटरीवर १२.५ आणि बल्बच्या टोकांवर १०.५ व्होल्ट दिसले तर दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. रिले बसवा, म्हणजे बॅटरीतून जाड वायर थेट दिव्याला जाईल आणि डॅशबोर्डचा नाजूक स्विच फक्त रिले चालवेल. ६० वॅटचे दोन हॅलोजन मिळून दहा अँपिअर खेचतात, जुना स्विच त्यात वितळतो. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब मात्र घालू नका. उजेड इतस्ततः फाकतो आणि समोरचा शिव्या देतो.

एवढं करूनही बॅटरी उतरत असेल तर अल्टरनेटर. मंद इंजिनवर डायनमो चार्ज करत नाही, आणि आजच्या शहरी ट्रॅफिकमध्ये गाडी निम्मा वेळ मंदच चालते. शनिवार-रविवारी पहाटे लोणावळ्याला जाणाऱ्यानं डायनमोच ठेवावा. कार्बन ब्रश, कम्युटेटर आणि कटआउट (चार्जिंग जोडणारी-तोडणारी पेटी) नीट केले की तो अजून वीस वर्षं चालेल. अल्टरनेटर बसवलात तर चार्जिंगची मुख्य वायर जाड करा, आणि कटआउटची रिकामी पेटी जागेवर राहू द्या, दिसायला बरी दिसते. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. ते न पाहता अल्टरनेटर जोडला तर डायोड क्षणात जातात.

११. ई२० पेट्रोलनं जुनी गाडी खराब होते का?

इंजिन लगेच खराब होत नाही, रबर होतं. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्या इथेनॉलमुळे जुने पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे वायसर फुगतात, मग तडकतात. हा बदल न विचारता करा. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि वायटनचे वायसर लावा. दिसायला फरक नाही, आणि आग लागण्याची भीती टळते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ होतं. प्लग पांढरे दिसू लागले तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा करून बघा.

याच्या जोडीला शिशाचा प्रश्न येतो, कारण पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटना (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांना) झिजेपासून वाचवायचं. शिसंवालं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, म्हणून फारशी काळजी नाही. ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं हेड बिडाचं. तिथे टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) गॅप पुन्हापुन्हा कमी होत असेल तर सीट खाली बसत आहेत असं समजा आणि पुढच्या वेळी हेड उतरवाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

१२. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. डिस्क बसवू का?

आधी आहेत ते ब्रेक त्यांच्या पूर्ण ताकदीला आणा. व्हील सिलिंडरची रबरं, तिन्ही होस, मास्टर सिलिंडरचं किट, ड्रम लेथवर घासून गोल, लायनिंग नवं आणि ॲडजस्टमेंट नीट. 'ब्रेक लागत नाही' म्हणणाऱ्या बहुतेक फियाट एवढ्यावर थांबतात. डिस्कला मास्टर सिलिंडर वेगळा लागतो, रिम बदलावी लागते, आणि अर्धवट केलेलं काम ड्रमपेक्षा धोकादायक.

सीट बेल्टसाठी मात्र पत्र्याला भोक पाडावं लागलं तरी पाडा. मागून जाड पट्टी लावून बोल्ट कसा. कसोटी इथे हरली तरी चालेल.

१३. इंजिनच बदललं तर? नाहीतर गाडी इलेक्ट्रिक केली तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि नोंद आधी. इलेक्ट्रिकसाठी मान्यताप्राप्त किटच लागतं.

कंपनीनं स्वतः केलेले बदल मात्र इतिहासाचा भाग आहेत. शेवटच्या काळात पद्मिनीत इटालियन डिझेल इंजिन आलं, ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं. तशी गाडी असेल तर तिला 'मूळ' पेट्रोल इंजिन बसवायची हौस करू नका, तिचं मूळ तेच आहे. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा इलेक्ट्रिक रूपांतराला प्रोत्साहन देत नाही. करायचंच असेल तर ते उलटवता यावं आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपावेत, असं तिचं म्हणणं आहे.

१४. विंटेज नोंदणीसाठी किती बदल चालतो?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. प्रश्न ९ ते ११ मधले छोटे बदल त्या यादीत येत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

अर्ज करण्याआधी हे वाचा. विंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. पद्मिनी हे नाव १९७४ चं, त्यामुळे त्या आता एकेक करून पन्नाशी गाठत आहेत. तुम्ही रविवारी भाजी आणायला तीच गाडी नेत असाल तर साधी नोंदणी आणि पुनर्नोंदणीच बरी.

१५. सुटे भाग कुठे मिळतील?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार व्हायची, योगायोग म्हणा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर गल्लीबोळात भाग आणि हात दोन्ही मिळत. आता हँडल गिअरचे (स्टिअरिंगलगतच्या गिअरचे) दांडे, काचेची रबरं, क्रोमच्या पट्ट्या दिसल्या की घेऊन ठेवा. नवी रबरं बनवून मिळतात, जुनं क्रोम मिळत नाही.

१६. काढलेले जुने भाग भंगारात देऊ का?

नाही. जळलेला असला तरी नाही. बिस्किटाच्या डब्यात घाला, कुठून काढला आणि कधी काढला याची चिठ्ठी सोबत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई दहा पावसाळ्यांत पुसट होते. डबा रेडिओचा असेल तर रेडिओशेजारी, गाडीचा असेल तर मागच्या सीटखाली. गाडी विकाल तेव्हा डबा तिच्यासोबत द्या.